जुनी बग्गी दुरुस्त करताना: धाव चढवण्याचे काम

वाड्याच्या पडवीत धूळ खात पडलेली बग्गी चौघांनी मिळून दुरुस्त करायची ठरली, की पहिल्याच दिवशी कोणीतरी रंगाचा डबा घेऊन येतो. तो शेवटच्या आठवड्यासाठी ठेवावा. सुट्या केलेल्या भागांवर क्रमांक घालणे, कुजलेल्या फळ्यांच्या जागी सागवान बसवणे आणि आसनाचे चामडे शिवून घेणे ही कामे प्रत्येकाने सवडीने करावीत. चाकांवर लोखंडी धाव, म्हणजे कडेवरून बसणारे लोखंडी कडे, चढवण्याच्या दिवशी मात्र सर्वांनी हजर असलेच पाहिजे.

हे काम पावसाळ्यात कधीही करू नये. आम्ही श्रावणात धावा चढवल्या, तेव्हा बाभळीचे लाकूड दमटपणाने फुगलेले होते. चैत्रात ते सुकून आकसले आणि धावा सैल होऊन आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी ठोकळ्यात, हलू लागले. अशी चाके पाण्यात भिजवून ठेवण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याने लाकूड काही दिवस फुगते आणि सुकल्यावर सांधे पुन्हा सैल पडतात. धाव उतरवून, सांधे नीट करून ती आखूड करणे हाच खरा उपाय आहे.

माप दोरीने घेऊ नये, कारण दोरी ताणली जाते. खूण केलेली एकच चकती चाकाच्या कडेवरून आणि धावेच्या आतून फिरवून दोन्ही घेर मोजावेत. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किती कमी ठेवायचा, हे चाकाच्या लाकडी घेरातील फटींवर ठरते. आमच्या हलक्या चाकांना ८ मिलिमीटर पुरले. त्याआधी बैलगाडीच्या हिशेबाने इंचभर कमी केल्यामुळे एका चाकाचे आरे वाकले होते. चाक उथळ ताटासारखे दिसत असेल, तर तो बाक मुद्दाम ठेवलेला असतो. सुताराला तो सरळ करू देऊ नये.

धाव गोवऱ्यांच्या आगीत सर्व बाजूंनी सारखी तापवावी. चार मीटर घेराचे लोखंड ४०० अंश सेल्सिअसने तापले, की घेर सुमारे १९ मिलिमीटरने वाढतो आणि तेवढी वाढ पुरते. कोरडी काडी टेकवताच धुमसली, म्हणजे धाव तयार झाली. लालभडक केल्यास लाकूड जळते. तिघांनी ती सांडशीने उचलून चाकावर बसवावी आणि उरलेल्यांनी तत्काळ सगळीकडून सारखे पाणी ओतावे. या घटकेला हुकूम एकानेच द्यावा, नाहीतर धाव तिरकी बसते आणि पुन्हा आगीत घालावी लागते.

थंड झाल्यावर प्रत्येक आऱ्यावर लाकडी हातोडी हलकेच मारून आवाज ऐकावा. बद्द आवाज येणारा आरा सैल आहे. मग रंग आणि आखाला वंगण द्यावे. घोडा जुंपण्यापूर्वी बग्गी माणसांनी ओढून खडबडीत वाटेवर कोसभर तरी फिरवावी.