जुन्या फोर्डचा हॉट रॉड रोडस्टर घरी बांधताय? या चुका टाळा

पहिल्या फेरीला निघालो तेव्हा तीन मैल गाडी लोण्यासारखी पळाली. चौथ्या मैलापासून ती जड व्हायला लागली, पाचव्याला पहिल्या गिअरमध्येही ओढेना. थांबून उतरलो, तर चारही ब्रेक ड्रम हात लावता येणार नाही इतके तापलेले. अर्ध्या तासाने सगळं थंड झालं आणि गाडी पुन्हा मोकळी! शू, ड्रम, सिलिंडर सगळं नवं होतं, त्यात काही खोट नव्हती. पेडल आणि मास्टर सिलिंडर (ब्रेकचं तेल पुढे दाबणारा पंप) यांच्यामधल्या दांडीत मी तसूभरही मोकळीक ठेवली नव्हती, एवढंच.

त्या दांडीने आतला पिस्टन किंचित पुढे दाबून धरला होता, त्यामुळे ब्रेकचं तेल टाकीत परत जायचं बारीक भोक झाकलं गेलं. ब्रेक तापले, तेल फुगलं, त्याला जायला वाट नाही. मग शू ड्रमला चिकटतात, आणखी तापतात, तेल आणखी फुगतं. तुमच्या गाडीचं असं झालं तर रस्त्यातच मास्टर सिलिंडरवरचा पाइप अर्धा आटा सैल करून बघा. दाबाखालचं तेल बाहेर आलं आणि चाकं सुटली, तर दोष मास्टर सिलिंडरमध्ये किंवा त्या दांडीत आहे. नाही सुटली, तर पुढे रबरी होज आतून सुजले आहेत का ते पाहा.

मी ओहायोत राहतो. दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवार मिळून, १९२९च्या फोर्ड मॉडेल एचा रोडस्टर, म्हणजे बिनछपराची गाडी, बांधला. त्यात ज्या चुका केल्या आणि ज्या दुसऱ्यांच्या गॅरेजमध्ये पाहिल्या, त्या सगळ्यांचं मूळ एकच निघालं. जुन्या फोर्डमध्ये एकेक भाग दोन-तीन कामं करतो. आपण तो काढतो, त्याजागी दुसरा बसवतो, आणि पहिला भाग आणखी काय काय धरून होता हे विचारायचं राहून जातं.

पारंपरिक हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी सुधारलेली जुनी गाडी, कशी असते ते आधी सांगतो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर पोरं जुन्या फोर्ड पळवायची. त्या शर्यतींना शिस्त लावणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७मध्ये उभी राहिली. मडगार्ड काढलेला १९२८ ते ३१चा मॉडेल ए किंवा १९३२चा फोर्ड, फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन, १९३९चा तीन गिअरचा बॉक्स, १९४०-४८चे हायड्रॉलिक ब्रेक. भंगारात मिळणाऱ्या पुढच्या वर्षांच्या फोर्डच्या मालातून आधीच्या वर्षांची फोर्ड सुधारायची, असा तो सगळा प्रकार. हा लेख तशाच गाडीबद्दल आहे.

नंबर घासून टाकू नका

ही चूक नंतर दुरुस्तच होत नाही, म्हणून आधी सांगतो. मॉडेल एच्या चासीच्या, म्हणजे बॉडीखालच्या सांगाड्याच्या, डाव्या पट्टीवर, वरच्या बाजूला, बॉडीखाली झाकला जाईल अशा जागी नंबर ठोकलेला असतो. मूळचा तो इंजिनचा नंबर, पण गाडीची कागदपत्रं बहुतेक वेळा त्याच्यावरच चालतात. गंज काढायच्या भरात लोक तिथे ग्राइंडर फिरवतात. चासी विकत घेताना आधी तारेच्या ब्रशने ती जागा साफ करून नंबर वाचा, फोटो काढा, कागदाशी ताडून पाहा, आणि मगच पैसे द्या.

ब्लॉक तपासल्याशिवाय एकही पार्ट घेऊ नका

मॅनिफोल्ड, दोन कार्ब्युरेटर, चकाकती अ‍ॅल्युमिनियम हेड: हे सगळं आधी घेतलं जातं, आणि ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य ओतीव भाग, शेवटी मशिन शॉपला जातो. तिथून फोन येतो की ब्लॉकला तडा आहे. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात. जळका वायू ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जागेला खेटून बाहेर जातो. दर बाजूला चार सिलिंडर असून बाहेर पडायला तीनच वाटा, कारण मधल्या दोघांची वाट एक. ही सगळी उष्णता ब्लॉकला सोसावी लागते, त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत तडे जाणं नेहमीचं. ब्लॉक पूर्ण मोकळा करा, रासायनिक टाकीत धुऊन घ्या, चुंबकीय तपासणी आणि पाण्याच्या दाबाची तपासणी करून घ्या. ‘उभी केली तेव्हा चालू होती’ या वाक्याला पैशाची किंमत देऊ नका.

इंजिन गरम होण्याची तक्रार तुम्ही ऐकलीच असेल. लोक लगेच मोठा रेडिएटर बसवतात. माझ्या मते आधी ब्लॉकचं पोट साफ करावं. पाण्याच्या वाटांत गंजाचा गाळ तर असतोच, कित्येकदा ओतकामाची वाळूही अजून आत असते. वेल्डिंगची सळई वाकवून आत घालून खरवडा, पाणी मारा, पुन्हा खरवडा. माझ्या ब्लॉकमधून मोठा मग भरेल इतका चिखल निघाला. त्यानंतर इग्निशनचं टायमिंग बघा, कारण ते मागे पडलं असलं तरी इंजिन तापतं. आणि हेडचे स्टड पाण्याच्या जागेत उतरतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लावला नाही तर पाणी आट्यातून वर झिरपतं आणि आपण उगाच गॅस्केटला दोष देत बसतो.

चासी

मॉडेल एची चासी चार सिलिंडरच्या, ४० हॉर्सपॉवरच्या इंजिनासाठी केलेली. तिच्या सी-आकाराच्या पट्ट्या व्ही-८च्या जोराने पिळल्या जातात, म्हणून आतून पत्रा लावून पट्टीचा बंद डबा करायचा. चूक इथे घाईची होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग मारलं की पट्टी केळ्यासारखी वाकते. चासी समतल, जड टेबलाला घट्ट बांधा, आधी टाके मारा, मग इंच-दीड इंचाचे तुकडे, एकदा पुढे, एकदा मागे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मधूनमधून दोन्ही कर्ण मोजत राहा. आणि डबा बंद करण्याआधी बॉडीचे नट, ब्रेकच्या व पेट्रोलच्या पाइपांची भोकं, मधली आडवी पट्टी (क्रॉसमेंबर), सगळं आतून बसवून घ्या. नंतर तिथे बोटही जात नाही.

पुढचा एक्सल: सगळ्यात जास्त चुका इथेच

फोर्डचा पुढचा एक्सल एका आडव्या पाट्यावर (लीफ स्प्रिंगवर) लटकतो. त्याला पुढे-मागे धरायचं काम विशबोन ही व्ही-आकाराची दांडी करते, जिची दोन्ही टोकं एक्सलला आणि मागचा एकच गोळा गिअरबॉक्सखाली. एक चाक खड्ड्यात गेलं तर सगळा संच त्या एका गोळ्याभोवती झुलतो. कशातही पीळ पडत नाही.

आता आपण विशबोन मधून कापतो आणि दोन टोकं चासीच्या दोन बाजूंना धरतो. हे बऱ्याचदा करावंच लागतं, कारण मोठ्या इंजिनाचं ऑइल पॅन आणि गिअरबॉक्स आड येतात. पण आता एक चाक वर गेलं की दोन दांड्या एक्सलला दोन वेगळ्या दिशांनी पिळतात. फोर्डचा मूळ आय-आकाराचा घडीव एक्सल तेवढा पीळ सहन करतो. नळीचा एक्सल करत नाही, नळी पिळायला फार कडक असते. मग कुठेतरी कंस तुटतो, वेल्डिंग तडकतं. फाडलेला विशबोन आणि नळीचा एक्सल एकत्र बसवू नका. नळीच हवी असेल तर चार दांड्यांची जुळणी घ्या.

गाडी खाली आणायला ड्रॉप एक्सल (टोकं वर वाकवलेला एक्सल) बसवला की टाय रॉड, म्हणजे दोन्ही पुढची चाकं जोडणारी दांडी, विशबोनवर आपटायला लागतो. कारण एक्सलची टोकं वर गेली, त्यांच्याबरोबर स्टिअरिंग आर्मही वर गेले. ते खाली वाकवावे लागतात. घडीव आर्म लाल करून वाकवा आणि हवेतच थंड होऊ द्या. पाण्यात बुडवलात तर तो ठिसूळ होईल, आणि हा आर्म तुटला तर चाकावर ताबाच राहत नाही. तो कापून वेल्डिंगने जोडण्याचा विचारसुद्धा करू नका.

मग येतो कॅस्टर. चाक जिच्याभोवती वळतं ती किंगपिन वरून मागे झुकलेली असते, तो कोन. साधारण ५ ते ७ अंश हवा. गाडी सपाट ठेवून आपण नीट ६ अंश मोजतो, खूश होतो, आणि मग मागे मोठे टायर, पुढे छोटे टायर लावतो. मॉडेल एचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १०३.५ इंच. मागची बाजू पुढच्यापेक्षा ३ इंच वर गेली की चासी दीड अंशाहून जास्त पुढे झुकते आणि तेवढाच कॅस्टर कमी होतो. म्हणून आधी चाकं, टायर, इंजिन, बॉडी सगळं वजन बसवून गाडी तिच्या खऱ्या उंचीवर आणा, कॅस्टर मोजा, आणि त्यानंतरच विशबोनच्या मागच्या टोकाचं वेल्डिंग पक्कं करा. पाट्याचं टोक धरणाऱ्या हलत्या कडीचा, म्हणजे शॅकलचा, कोनही वजन आल्याशिवाय बघण्यात अर्थ नाही. पूर्ण वजनाखाली तो ४५ अंशांच्या आसपास असावा. शॅकल सरळ उभे लटकत असतील तर गाडी वळणावर बाजूला झुलेल.

ताशी ४० मैलांना पुढची चाकं थडथड उडायला लागली, की लोक स्टिअरिंग डॅम्पर लावतात. तसं करू नका, दुखणं तसंच राहतं. मदतीला एक माणूस घ्या, गाडी जमिनीवर असताना त्याला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही खाली आडवे होऊन एकेक सांधा बघा: टाय रॉडची टोकं, ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडी), किंगपिनचे बुश, चाकाचे बेअरिंग, पाट्याचे यू-बोल्ट, स्टिअरिंग बॉक्सचा ब्रॅकेट. ज्याची हालचाल उशिरा सुरू होते तो दोषी. सगळं घट्ट निघालं तर चाकांचा बॅलन्स, मग टो-इन (पुढची चाकं किती आत वळलेली आहेत ते), मग कॅस्टर. या क्रमाने गेलात तर पैसे वाचतात.

१९४८ ते ५२च्या फोर्ड एफ-१ ट्रकचा स्टिअरिंग बॉक्स वापरत असाल, तर ड्रॅग लिंकचं मागचं टोक विशबोनच्या मागच्या सांध्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. दोघं एकाच कमानीत हलले पाहिजेत, नाहीतर प्रत्येक उंचवट्यावर गाडी आपणहून वळते.

मागचा एक्सल

जुन्या फोर्डमध्ये गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा शाफ्ट एका जाड नळीत बंद असतो, तीच टॉर्क ट्यूब. चाकांनी दिलेला धक्का याच नळीतून गिअरबॉक्सला, तिथून इंजिनाच्या माउंटला आणि मग गाडीला मिळतो. मागचा आडवा पाटा फक्त वजन पेलतो. पाच गिअरचा आधुनिक बॉक्स टाकायला ही नळी काढली, की एक्सलला पुढे-मागे धरणारं आणि गोल फिरण्यापासून अडवणारं काहीच उरत नाही. त्याच्या जागी भक्कम लॅडर बार (एक्सलला चासीशी धरणारे शिडीसारखे दांडे) किंवा चार दांड्या लागतातच. मूळच्या बारीक रेडियस रॉडवर भागवलेली गाडी मी पाहिली आहे, पहिल्या जोरदार पिकअपला दोन्ही रॉड वाकले.

मागचा हब एक्सलच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या टोकावर, बसतो, सोबत एक चावी (खाचेत बसणारा लोखंडी तुकडा). सगळा जोर टेपरने धरायचा असतो, चावीने नाही. माझे मामा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवायचे. तिथे सुट्टीत ड्रिलच्या टेपरला मी तेल लावायला गेलो, तेव्हा ते ओरडले होते, “अरे, तेल लावलंस तर तो धरणार कसा?” टेपर कोरडा, स्वच्छ, हबशी घासून जुळवलेला हवा. नट दोनशेहून जास्त फूट-पाउंडांनी आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळेना तर नट आणखी पुढे आवळा, मागे कधीच सैल करू नका. हब काढायला पुलरच वापरा. एक्सलच्या टोकावर हातोडा मारला तर तो धक्का थेट आतल्या बेअरिंग आणि गिअरपर्यंत जातो.

पेट्रोल आणि वीज

स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटरला अडीच पौंडांच्या आसपासच दाब सोसतो. इलेक्ट्रिक पंप त्याहून जास्त देतो, पेट्रोल अडवणारी आतली सुई उघडी राहते आणि पेट्रोल मॅनिफोल्डमधून थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवू नका. रेग्युलेटर बसवा, ऑइल बदला. सहा व्होल्टची वायरिंग ठेवणार असाल तर बॅटरीची केबल बोटाएवढी जाड घ्या आणि अर्थिंगखालचा रंग खरवडा. ‘स्टार्टर मेला’ म्हणून आलेल्या बहुतेक तक्रारी इथेच संपतात.

बॉडी

रोडस्टरला छप्पर नाही, त्यामुळे दोन दारांच्या मधलं सगळं फक्त खालच्या पट्ट्यांवर उभं असतं. त्या गंजक्या पट्ट्या कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडव्या-तिरक्या नळ्या टाक्यांनी जोडून घ्या. नाहीतर कापल्यावर बॉडी पुस्तकासारखी मिटते आणि मग दार कधीच बसत नाही. फटी जुळवायच्या त्या बॉडी तयार चासीवर आवळून, इंजिनासकट. स्टँडवर जुळवलेली फट चासीवर टिकत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना एक कळकळीची विनंती. फोर्डची भारतीय कंपनी १९२६मध्ये मुंबईत सुरू झाली, इथे गाड्यांची जुळणीही झाली. त्या काळातला मॉडेल ए कोणाच्या वाड्यात उभा असेल तर तो कापू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलात असे बदल करू देत नाही, आणि २०२१च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांना पन्नास वर्षांहून जुनी, चासी-बॉडी-इंजिन मूळ स्वरूपात असलेली गाडीच चालते. ती आहे तशी जपा. हॉट रॉड बांधायचाच तर अमेरिकेत नव्या पत्र्याच्या बॉडी मिळतात, ओहायोतल्याच ब्रुकव्हिल गावात त्या बनतात. त्यासाठी अस्सल गाडी मोडायची गरज नाही.

पहिले पन्नास मैल घरापासून लांब जाऊ नका. प्रत्येक फेरीनंतर चारही ड्रमना पाण्याचे थेंब लावून बघा, एकावरच चुरचुरलं तर त्या चाकाचे शू घासताहेत. पन्नास मैल झाले की हेडचे नट, पाट्याचे यू-बोल्ट आणि मागच्या हबचे नट पुन्हा आवळा, आणि नव्या स्प्लिट पिना घाला.