महाबळेश्वर पाण्याच्या वाटेने कसे पाहावे

पुण्याहून महाबळेश्वरला जाताना वाईवरून पसरणीचा घाट चढावा आणि परतताना मेढ्याकडचा केळघर घाट उतरावा. परतीला थोडा अधिक वेळ लागतो, परंतु चढताना कृष्णेचे खोरे आणि उतरताना वेण्णेचे खोरे नजरेखालून जाते, आणि या डोंगराचे मर्म या दोन खोऱ्यांमध्येच आहे. हाताशी किमान दोन दिवस असावेत. पॉइंटांची यादी धरून एका दिवसात सगळे उरकणाऱ्याच्या पदरी गाड्यांची रांग आणि कठड्यापाशी काढलेले फोटो यांपलीकडे फारसे काही पडत नाही.

हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १३७२ मीटर उंचीवर आहे. त्याचे अंग कातळाचे, म्हणजे बेसाल्टचे आणि डोक्यावरची टोपी जांभ्याची आहे. वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरच्या घरात पडणारा पाऊस सच्छिद्र जांभ्यात मुरतो, खालच्या घट्ट थरांवर अडतो आणि आडवा वाहत कड्याच्या पोटातून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची सारी ठिकाणे एकमेकांना जोडलेली दिसू लागतात.

पहिल्या दिवशी बाजारपेठेत न रेंगाळता थेट क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे मंदिरांची जुनी वस्ती, गाठावे. ते गावापासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी गोमुखातून एकत्र होऊन कुंडात पडते. त्यांखेरीज भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी येथे प्रकटते, अशी श्रद्धा आहे. मंदिर यादव राजा सिंघण याने बांधल्याचे परंपरा सांगते. शेजारच्या महाबळेश्वर मंदिरातील स्वयंभू लिंग म्हणजे खाचखळग्यांचा खडबडीत खडकच आहे. देवदर्शनाला आलेली बहुतेक माणसे येथूनच मागे फिरतात. तसे न करता काही पावले पुढे कृष्णाबाईच्या मंदिरापर्यंत जावे. काळ्या दगडातले हे जुने शिवालय, त्याचे कुंड आणि समोर उघडणारे कृष्णेचे खोरे पाहायला अर्धा तास पुरतो, आणि माझ्या मते महाबळेश्वरात याहून शांत जागा नाही.

तेथून ऑर्थर सीटला जावे. ब्रिटिश अमलातील सनदी अधिकारी ऑर्थर मॅलेट यांचे नाव या कड्याला मिळाले असले, तरी त्याचे जुने नाव मढीमहाल असे आहे. कड्याच्या एका अंगाला सावित्रीची कोकणात कोसळणारी खोल दरी आणि दुसऱ्या अंगाला कृष्णेच्या उगमाकडचे, तुलनेने उथळ व झाडीने भरलेले जोर गावाचे खोरे दिसते. सावित्री पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीत उतरून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा मात्र पूर्वेला वळून सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करते आणि आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. एकाच गोमुखातून निघालेल्या मानलेल्या या दोघींची फारकत जितकी स्पष्ट या कड्यावर दिसते, तितकी नकाशावरही दिसत नाही. दरीतून वर येणारा वारा हलक्या वस्तू परत फेकतो, म्हणून बाटल्यांची झाकणे उडवण्याचा खेळ येथे चालतो. तो खेळू नये, कारण सगळीच झाकणे परत येत नाहीत.

दुसऱ्या दिवसाची पहाट वेण्णा तलावासाठी राखावी. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात तलावाच्या काठावर आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठून गाड्यांच्या टपांवर, पानांवर हिमकण जमतात. ऊन चढले की ते दिसत नाहीत. नौकाविहार करायचा असल्यास तोही सकाळी लवकर करावा, कारण दुपारनंतर बोटींसाठी रांग लागते. भाजलेली कणसे आणि ताजी लाल गाजरे मात्र संध्याकाळीच खावीत.

हा तलाव नैसर्गिक नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. १८२४ मध्ये जनरल पीटर लॉडविक या डोंगरावर चढून आले. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना येथील हवा मानवली आणि १८२९ मध्ये त्यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून, खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा मिळवली. नव्या वसाहतीचे नाव माल्कम पेठ पडले. चिनी आणि मलय कैद्यांचा तुरुंगही येथे होता. १८६४ मध्ये तो बंद होईपर्यंत त्या कैद्यांनी येथे भाजीपाला पिकवला. प्रतापसिंहांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत केले आणि त्यांचे बंधू शहाजी, म्हणजे अप्पासाहेब महाराज, गादीवर आले. त्यांनी १८४२ मध्ये वस्तीला पाणी मिळावे म्हणून झऱ्यांचे पाणी अडवून हा तलाव बांधला. नौकाविहाराची मौज नंतरची आहे.

तलावाकडून पाचगणीच्या रस्त्याने गेल्यावर वेण्णेवरचा लिंगमळा धबधबा लागतो. त्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ उत्तम होय: पाणी असते, धुके विरळ होते आणि पायवाट चालण्याजोगी असते. एप्रिल-मे महिन्यांत धार अगदी रोडावते. वाटेवरच्या सदाहरित झाडीत अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा ही झाडे ओळखता येतात. पहाटे शीळकरी कस्तुराची लांब, माणसासारखी शीळ ऐकू आली, तर बोलणे थांबवावे. हेच रान पाऊस जमिनीत मुरवते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, तो उगीच नव्हे. स्ट्रॉबेरी डिसेंबर ते मार्च या काळात शक्यतो शेतावरूनच घ्यावी. तिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

मुंबई पॉइंट, लॉडविक पॉइंट वगैरे ठिकाणे वेळ उरल्यास पाहावीत. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल, तर पहाटे विल्सन पॉइंट निवडावा, कारण १४३९ मीटरवरचा तो या पठाराचा माथा आहे.

पावसाळ्यात निघण्यापूर्वी केळघर आणि पोलादपूरकडचा आंबेनळी या दोन्ही घाटांची चौकशी अवश्य करावी, कारण दरडी कोसळून हे रस्ते बंद होतात. वाट मोकळी असेल, तर केळघरने उतरताना वेण्णा सोबत राहते; मेढा आणि कण्हेर धरण मागे टाकून ती साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेत मिसळते. घरी वळण्याआधी तेथील घाटावर अर्धा तास थांबावे. आदल्या दिवशी गोमुखाखाली ओंजळीत घेतलेले दोन नद्यांचे पाणी तेथे पुन्हा एकत्र आलेले असते.