बॅलन्स कुठं जातो, आवाज का तुटतो: प्रीपेडवाल्यांनी काय करून बघावं

आमचं गावाकडचं घर माळवदाचं. हातभर जाड भिंती, वर लाकूड आणि माती. उन्हाळ्यात आत गारवा मिळतो, पण मोबाइलसाठी ते भुयारच. आईचा साधा बटणांचा फोन दिवसभर ओसरीतल्या देवळीत असतो, कारण दोन कांड्या तिथंच येतात. मी संभाजीनगरहून फोन लावला की ती देवळीला खेटून उभी राहते, आणि अर्ध्या मिनिटात ऐकू येतं, "आरं, आवाज तुटायलाय बग. माळवदावर जाते, थांब." त्यात एका महिन्यात तिचे तीनदा तीस-तीस रुपये कटले. तिनं काहीच चालू केलं नव्हतं.

हे दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, म्हणून एकेक सोडवू. आधी पैशाचं बघा, ते लवकर निकाली निघतं.

पैसे कशात गेले ते शोधा

शंभराचा टॉप-अप मारला आणि ८१ रुपये ७५ पैसेच आले, तर दुकानदारानं खाल्ले असं समजू नका. १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी जाऊन तेवढेच उरतात. हा झाला मुख्य बॅलन्स. पॅकचे कॉल आणि डेटा यांचा हिशेब वेगळा. पॅक 'अनलिमिटेड' असला तरी परदेशातले कॉल, १८६० ने सुरू होणारे ग्राहकसेवा नंबर आणि स्पर्धा-बक्षिसांचे पाच आकडी नंबर मुख्य बॅलन्समधूनच पैसे खातात. ९१ सोडून दुसऱ्याच कोडवरून एक रिंग वाजून कॉल बंद झाला, तर उलट फोन लावायचा नाही.

आईच्या फोनचा घोळ निराळाच निघाला. बोलून झाल्यावर फोन ठेवताना पडद्यावर आपोआप एक चौकोन उमटायचा, गाणं नाहीतर राशिभविष्य, आणि खाली 'ओके'. चौकोन घालवायचा म्हणून ती ओके दाबायची. एकदा दाबलं, की पुन्हा 'नक्की का?' म्हणून दुसरा चौकोन. तोही ओके. झाली सेवा सुरू. कंपनीच्या लेखी ग्राहकानं दोनदा संमती दिली.

यावर उपाय असा. मेन्यूत 'सिम टूलकिट' किंवा कंपनीच्या नावाची एक खिडकी असते. तिथं हे चौकोन पाठवणारं फ्लॅश किंवा अलर्ट बंद करा. मग १५५२२३ वर फोन लावा. हा नंबर फुकट आहे आणि चालू असलेल्या सशुल्क सेवा बंद करण्यासाठीच ठेवलेला आहे. पैसे कटल्याचे मेसेज मात्र पुसू नका. आईनं सगळे पुसले होते, त्यामुळे आमच्या हातात दाखवायला काहीच उरलं नाही. तसं झालंच तर गेल्या सहा महिन्यांतला कॉलवार खर्चाचा तपशील प्रीपेडवाल्यालाही मागता येतो आणि त्यासाठी कंपनी पन्नास रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. दुकानदार हे सांगत नाही. त्यालाही बहुधा माहीत नसतं.

आणखी एक. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. २०२२ पासून प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक पॅक आणि दर महिन्याला त्याच तारखेला मारता येईल असा किमान एक पॅक ठेवावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये नियमांत झालेल्या दुरुस्तीनंतर डेटा नसलेला, नुसत्या कॉल आणि एसएमएसचा पॅकही द्यावाच लागतो. आईसारख्यांना डेटा घेऊन काय करायचाय? पण हे पॅक यादीत तळाशी असतात. नाव घेऊनच मागा.

आवाज: दोष फोनचा, घराचा की टॉवरचा

ही वाटणी केल्याशिवाय तक्रार करण्यात अर्थ नाही. पलीकडचा माणूस तुम्हाला नीट ऐकू येतो पण तुम्ही त्याला ऐकू जात नाही, तर आधी फोनच्या खालच्या कडेचं माइकचं बारीक छिद्र बघा. आमच्या एका शेजाऱ्यानं कंपनीला महिनाभर शिव्या दिल्या. छिद्रात पिठाच्या गिरणीतली भुकटी बसली होती. मऊ कोरडा ब्रश फिरवला आणि आवाज मोकळा झाला.

मग सिम दुसऱ्या फोनात घालून त्याच जागी बोलून बघा. तिथंही आवाज तुटला तर फोन निर्दोष. आता घर. अँड्रॉइड फोनात सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'सिम स्टेटस', त्यात 'सिग्नल स्ट्रेंग्थ' बघा. आकडा उणे असतो आणि तो शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं. फोर-जीवर उणे ९० च्या आसपास बोलणं सुखाचं होतं, उणे ११० च्या खाली गेलं की तुटायला लागतं. कांड्यांवर विश्वास नको, कितव्या आकड्याला किती कांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. आईचं सिम माझ्या फोनात घातलं तर माजघरात उणे ११८, देवळीत उणे १०९, माळवदावर उणे ९६. म्हणजे बराचसा दोष भिंतींचा. पत्र्याच्या घरातही हेच होतं, पत्रा लहरी अडवतो.

घरात ब्रॉडबँड असेल तर फोनमधलं वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून बोलणं, चालू करा. जाड भिंतींवर याच्याइतका स्वस्त इलाज नाही. व्होल्टीई, म्हणजे फोर-जीवरून बोलण्याची सोय, बंद असेल तर तेही चालू करा. गावात फाइव्ह-जी नुसतं कडेकडेनं येत असेल तर नेटवर्क फोर-जीवर ठेवा, सारखी अदलाबदल थांबते. देगलूर, उदगीर, उमरग्याकडे फोन मधूनच तेलंगण-कर्नाटकातल्या टॉवरला चिकटतो. तिथं आपोआप नेटवर्क निवडणं बंद करून आपलं नेटवर्क हातानं निवडून बघा. बाजारात मिळणारा रेंज वाढवायचा बूस्टर मात्र आणू नका. विनापरवाना तो बेकायदेशीर आहे आणि त्यानं शेजारच्या दहा घरांची रेंज बिघडते.

माळवदावर, मोकळ्या रानातही आवाज तुटत असेल तर दोष टॉवरचा. आठवडाभर वहीत तारीख, वेळ, जागा लिहा आणि लाइट होती का तेही लिहा. लाइट गेल्यावर तासा-दोन तासांनी रेंज जात असेल, तर टॉवरची बॅटरी दमलीय किंवा जनरेटरला डिझेल नाही. तक्रारीत हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं की पलीकडचा 'फोन बंद करून चालू करा' म्हणत नाही.

तक्रार: १२१ नाही, १९८

१२१ माहितीचा नंबर आहे, १९८ तक्रारीचा. १९८ वर फोन फुकट लागतो आणि प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर, म्हणजे नोंदीचा क्रमांक, मिळतो. तो मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. असं बोला: "अमुक गाव, अमुक पिनकोड, गेल्या सात दिवसांत इतक्या वेळा कॉल तुटला, वेळा लिहून घ्या." निकाल पटला नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. फी नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडं पत्रं पाठवून वेळ घालवू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग मात्र उघडे आहेत. मोबाइल कंपन्यांविरुद्ध तिथं जाता येतं, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं.

कॉल तुटला की एक रुपया परत मिळतो, असं अजून काही जण सांगतात. तो नियम २०१६ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला.

शेवटी पोर्ट

पोर्ट करण्याआधी, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याआधी, दुसऱ्या कंपनीचं सिम एक दिवस उसनं घ्या आणि आपल्याच घरात, आपल्याच जागी आकडा बघा. गल्लीत चांगली चालते म्हणून घेतलेली कंपनी माजघरात बंद पडते. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आता कव्हरेजचे नकाशे असतात, पण नकाशाला माळवद माहीत नसतं.

नंतर इंग्रजीत पोर्ट, एक जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवा. नव्या कंपनीला द्यायचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, आणि सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात पोर्ट करायला तीन कामकाजाचे दिवस लागतात. जुना बॅलन्स आणि पॅक बुडतो, म्हणून पॅक संपायला दोन-चार दिवस राहिले की निघा.

भाचीचं सिम आम्ही माजघरात घालून बघितलं, उणे १०१. आईचा नंबर त्याच कंपनीत नेला. आता ती चुलीपाशी बसूनच बोलते. देवळीत फक्त चार्जर राहिलाय.