रोज टीसीएल टाकता, तरी गावात जुलाब? या चुका टाळा

पावसाळा लागला की फोन ठरलेला: "साहेब, टीसीएल रोज टाकतोय, तरी गावात जुलाब-उलट्या सुरूच." टीसीएल म्हणजे पिण्याच्या पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर. टाकताय खरं, पण काय टाकताय?

अशाच एका गावात गेलो. रजिस्टर देखणं. 20 हजार लिटरची टाकी, रोज 100 ग्रॅम, महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, बहुधा एकाच बैठकीत. म्हटलं, पोतं दाखवा. कार्यालयाच्या कोपऱ्यात ओल धरलेल्या भिंतीला टेकलेलं, तोंड उघडं. हात घातला तर खडे लागले. नाकाशी नेलं तर वासच नाही! ताज्या टीसीएलमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, 20 च्या खाली गेलेलं वापरू नये. इथे नुसता चुना उरलेला. जंतू मजेत.

मी झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये, कोरड्या अंधाऱ्या खोलीत ठेवायला लावतो. लोखंडी डबा गंजतो. आणि वर्षाचा साठा एकदम घ्यायचा नाही, स्वस्त मिळाला तरी.

पावडर थेट टाकीत ओतू नका. बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरची निवळी तेवढी टाका. मग अर्धा तास थांबा. जंतू मरायला वेळ लागतो, पण नव्या पोरांना हा अर्धा तास फार जड जातो. मोबाइल बघा हवं तर, पण पाणी सोडू नका.

गढूळ पाण्यात क्लोरीन मातीच खाते, आधी तुरटी. नितळ पाणी शुद्धच असतं असं नाही. तपासणीच्या बाटलीच्या तोंडाला बोट लावलं, तर अहवाल तुमच्या बोटाचा येतो.

ओटी म्हणजे पाण्यात थेंब टाकून क्लोरीन बघायची चाचणी, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. ती टाकीजवळ करून "पिवळा आला" म्हणणारे मला सगळ्यात जास्त छळतात. तिथे येणारच! शेवटच्या नळाला बघा, किमान 0.2 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन हवा. रंग लगेच बघायचा. उशिरा चढणारा पिवळेपणा मोकळ्या, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेल्या क्लोरीनचा नसतो. पाणी बंद झालं की रिकामी पाइपलाइन फुटक्या जागेतून गटार ओढून घेते, आतल्या भिंतीवरची बुळबुळीत साय उरलासुरला क्लोरीन खाते.

त्या गावचा शेवटचा नळ अंगणवाडीचा निघाला. पोतं बदलून तिसऱ्या दिवशीही तिथे ओटी पांढरीच. नळाखालची माती उकरली, तर पाइपचा जोड सायकलच्या ट्यूबने बांधलेला, आणि वरून गटार.