जपानी मुलं घरी राहायला येताहेत? या चुका टाळा

सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं राहिलं. चाकणला जपानी कंपन्या आल्या, जपानी शिकणारी मुलंही पुण्यात भरपूर. त्यामुळे सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी आलेली तिकडची कॉलेजची मुलं इथल्या घरांत उतरतात, तेव्हा यजमान हौसेने सगळं करतात. गडबड बहुतेक वेळा या हौसेतूनच होते, कारण हा पाहुणा सहसा 'नको' म्हणत नाही.

सगळ्यात मोठी चूक ताटावर होते. ताटात अन्न टाकणं जपानी घरांतही वाईट समजतात. आपल्याकडे ताट रिकामं दिसलं की वाढायचं. मुलगी तिसरी पोळी संपवते, कारण टाकायची नाही. आजी चौथी वाढतात, कारण हिला आवडलेली दिसते. रात्री पोट दुखतं आणि ती कुणालाच सांगत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून भांडी मधोमध ठेवा आणि तिचं तिला घेऊ द्या. ताटावर आडवा हात धरला की 'पुरे', ही आपली खूण पहिल्याच जेवणाला शिकवा. तिने हात धरला की आजींनीही थांबायचं, हे घरात आधी ठरवून ठेवा.

अॅलर्जीची चौकशी मुलं यायच्या आधी आणि लेखी करा. जपानमध्ये पाकिटबंद पदार्थावर शेंगदाण्याचा उल्लेख कायद्याने सक्तीचा आहे, त्यामुळे ती मुलं लेबल वाचून खातात. आपल्या कोशिंबिरीतलं, खिचडीतलं, भाजीतलं दाण्याचं कूट कुठल्याच लेबलावर नसतं. तीच गोष्ट कुट्टूची, म्हणजे बकव्हीटची. सोबा नूडल्स याच धान्याच्या, आणि त्याची अॅलर्जी काही जपानी मुलांना गंभीर स्वरूपाची असते. उपवासाचं तयार पीठ आणलं असेल तर त्यात काय काय आहे ते वाचा.

पोट बिघडलंच तर मसाल्याचे घरगुती काढे देऊ नका. इंद्रायणी तांदळाचा मऊ, पातळ भात आणि मीठ द्या. आजारी माणसाला भाताची पेज जपानमध्येही देतात आणि इंद्रायणीचा चिकटपणा त्यांच्या तांदळाच्या जवळचा, त्यामुळे ती निमूट खातात. सोबत ओआरएस. ताप असेल किंवा शौचातून रक्त गेलं, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. पाण्याचं मात्र पहिल्याच तासात सांगा: जपानमध्ये नळाचं पाणी थेट पितात, तेव्हा ती बेसिनवर बाटली भरणारच. दात घासायलाही फिल्टरचं पाणी भरून ठेवा.

पहिल्या संध्याकाळी नातेवाइकांना बोलावू नका. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. आपण रात्री साडेनऊला पानं घेतो, तेव्हा तिच्या शरीराचा रात्रीचा एक वाजलेला असतो. साडेसातला जेवण उरकून तिला झोपू द्या.

अंघोळ बहुतेक जण रात्री करतात. तुमच्या सोसायटीत पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल, तर ती वेळ कागदावर लिहून बाथरूमच्या दारावर लावा. गीझरचं बटण आणि बादली-मग एकदा प्रत्यक्ष दाखवा. हेअर ड्रायर सोबत आणला असेल तर त्यावरचा आकडा बघा. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३०ची. नुसता पिन बदलणारा अॅडॉप्टर लावून फक्त १०० व्होल्टचा ड्रायर चालू केला तर तो जळतो. मोबाइलच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, तो चालतो.

रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल मी तरी कुठल्याच यजमानाला सूट देणार नाही. जपानमध्ये १९५७ नंतर तिथल्या प्राण्यांत रेबीज आढळलेला नाही. त्या मुलांना कुत्रा म्हणजे गोंजारायचा प्राणी. चावा किंवा ओरखडा झाला आणि लाजेखातर तिने लपवला, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून सांगून ठेवा की कुणी रागावणार नाही, पण लगेच सांग. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

'काही हवंय का?' या प्रश्नाला उत्तर कायम 'नाही' येईल. 'चहा की दूध?', 'बाहेर जायचं की आराम?' असं विचारा. बोलणं अडलं तर आवाज चढवू नका, सोप्या इंग्रजीत लिहून दाखवा. वाचलेलं पुष्कळांना चटकन कळतं. फोटो ग्रुपवर टाकण्याआधी तिला एकटीला विचारा. चारचौघांत विचारलंत तर ती मान डोलावेलच.

आणि नोंदणी. परदेशी पाहुणा खासगी घरी उतरला तरी यजमानाने २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं असतं. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती तिच्या संस्थेकडून आधीच मागवा, म्हणजे विमानतळावरून थकून आलेल्या मुलीला दारातच कागद शोधायला लागणार नाहीत.