चांगीच्या लेओव्हरमध्ये अनोळखी खाणं ट्राय करायचंय? मग असं करा

आपण पुणेकर परदेशात निघालो की केबिन बॅगेत आधी चिवडा, दशम्या नि शेंगदाण्याची चटणी जाते, आमच्याही होतीच, पण सिंगापूरला सहा तास बसून चिवडाच खायचा म्हणजे अतिच झालं. आम्ही चौघं बालीला जाताना सिंगापूरच्या चांगी विमानतळावर थांबलो होतो, त्यावरून सांगतोय.

व्हिसा नसेल तर ज्वेलमध्ये (विमानतळाला लागूनच्या मॉलमध्ये) जाऊन खायचा नाद सोडा, तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे. ज्वेलमधला ४० मीटरचा तो फेमस धबधबा मात्र टर्मिनल २ ते ३ च्या स्कायट्रेनमधून (टर्मिनल्समधली छोटी ट्रेन) फुकटात दिसतो, तेवढ्यावर समाधान माना आणि ट्रान्झिटमधलं फूड कोर्ट शोधा.

आता मेन गोष्ट. टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) खाण्याच्या बाबतीत बाजूला ठेवा, पैशाचं नंतर बघा. एक डिश, चार चमचे, आवडली तर दुसरी प्लेट. आम्ही शहाणपणा करून (म्हणजे मीच) चार लाक्सा एकदम मागवले. लाक्सा म्हणजे नारळाच्या दुधातल्या झणझणीत रश्श्यात नूडल्स, वाचून वाटतं आपल्या ओळखीचंच आहे, पण त्यात सुक्या कोळंबीचा असा काही वास असतो की दोघांनी दुसऱ्या घासालाच चमचा ठेवला. मला जाम आवडला, पण तीन वाट्या मी एकटा कुठे संपवणार!

त्यामुळे सुरुवात काया टोस्टपासून करा. काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदानच्या (एक सुवासिक झाड) पानांचा जॅम, आणि टोस्टमध्ये वर थंड बटरचा जाड तुकडा. आपल्या गुडलक कॅफेचा बन मस्का खाऊन मोठे झालेल्यांना हे लगेच पटतं. सोबत अर्धकच्ची अंडी येतात, त्यात सोया सॉस नि पांढरी मिरपूड घालून टोस्ट बुडवायचा. दिसायला गिळगिळीत, पण एकदा करून बघाच. कॉफी मागताना नुसतं कोपी म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्कवाली गोडमिट्ट येते, कोपी ओ म्हणजे दूध नाही पण साखर आहे, आणि साखरही नको तर कोपी ओ कोसोंग. आमच्यातल्या डायबेटिसवाल्याला हे तिसरा कप आल्यावर कळलं.

व्हेज मंडळींनी नुसतं नो मीट म्हणून भागत नाही, कारण कोळंबीची पेस्ट नि फिश सॉस तिकडे आपल्या हिंगासारखे कशातही असतात, त्यामुळे फिश नको, श्रिंप नको, अंडं नको असं एकेक नाव घेऊन विचारा, लाजू नका. कोळंबीची किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर ट्राय वगैरे विसरा, आधी विचारा मगच तोंडात घाला.

कार्ड मशीनने रुपये की सिंगापूर डॉलर विचारलं तर डॉलरच दाबा, रुपयांचा रेट जनरली महागच पडतो.

आणि तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तिथे सकाळचे सात वाजले तरी पोटाच्या हिशोबाने पहाटेचे साडेचारच, तेव्हा तिखट जरा उशिराने. सांबलची (तिकडची मिरचीची चटणी) बाटली आवडली म्हणून हँडबॅगेत टाकू नका, टर्मिनल १, २, ३ ला सिक्युरिटी चेक थेट गेटपाशी असतो आणि १०० मिलीच्या वरची बाटली तिथेच जाते. आमची गेली. चटणीचा डबा मात्र बालीपर्यंत सुखरूप पोचला.