लिथाच्या सामूहिक विधीची तयारी: आधी काडेपेटी

दक्षिण इंग्लंडमध्ये २० किंवा २१ जूनच्या संध्याकाळी दहा-पंधरा जणांनी मिळून लिथाचा विधी करायचा असेल, तर यादीत पहिली काडेपेटी लिहावी आणि तिच्याखाली पुन्हा एकदा काडेपेटीच लिहावी. विक्का या निसर्गपूजक, आधुनिक पेगन पंथाच्या आठ सणांपैकी हा वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा, म्हणजे सूर्याचा आणि अग्नीचा सण आहे. मेणबत्त्या, धूप, सुकी लाकडे, ओकच्या पानांचे मुकुट हे सारे कोणी ना कोणी हौसेने आणते. काडेपेटी मात्र दुसऱ्या कोणाकडे असेलच असे प्रत्येक जण गृहीत धरतो, आणि हल्ली गटात कोणी सिगारेट ओढत नसल्यामुळे ती कोणाच्याच खिशात नसते. गेल्या वर्षी आमच्याकडे होती, पण गाडीत होती, आणि ते नसण्याहून वाईट ठरले.

जागा महिनाभर आधी ठरवावी. स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळाची देखभाल करणारी संस्था इंग्लिश हेरिटेज त्या रात्री लोकांना दगडांपर्यंत मोफत जाऊ देते, परंतु तेथे आग, मेणबत्त्या आणि मद्य यांना मनाई आहे, शिवाय हजारोंच्या गर्दीत लहान गटाला स्वतःचे वर्तुळ आखता येत नाही. सूर्योदय पाहायला जरूर जावे, विधीसाठी नाही. न्यू फॉरेस्टचा मोह अनेकांना होतो, कारण १९३९ मध्ये तेथल्याच एका गटाकडून आपल्याला दीक्षा मिळाली असे विक्काचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर सांगत. त्या जंगलात २०२३ पासून उघड्यावर आग पेटवण्यास आणि बार्बेक्यूला बंदी आहे, आणि जूनमधले वाळलेले माळ पाहिल्यावर त्या बंदीविरुद्ध बोलावेसे वाटत नाही. ओळखीच्या कोणाची बाग किंवा शेताचा तुकडा मिळवावा, आगीबद्दल मालकाला स्पष्ट विचारावे, गवत करपू नये म्हणून पायांवर उभे राहणारे लोखंडी अग्निपात्र घ्यावे आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर विधीच्या मध्येच अग्निशमन दल यायचे. पाण्याच्या बादल्या भरून ठेवाव्यात, हे सांगायला नको.

अथामे, म्हणजे वर्तुळ आखण्याची काळ्या मुठीची सुरी, घेऊन रेल्वेने प्रवास करू नये. सार्वजनिक ठिकाणी सबळ कारणाशिवाय पाते जवळ बाळगणे हा १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार गुन्हा आहे. धार्मिक कारणाचा बचाव त्याच कायद्यात दिलेला आहे खरा, पण तो फलाटावर पोलिसाला समजावून सांगत बसण्यापेक्षा लाकडी छडी आणावी. वर्तुळ तिनेही आखता येते.

कपडे सुती किंवा लोकरी असावेत. पॉलिएस्टरच्या घोळदार बाह्या शेकोटीशेजारी अत्यंत धोकादायक असतात, कारण तो धागा जळताना वितळून कातडीला चिकटतो. ज्यांना असा झगा घालायचाच आहे त्यांनी बाह्या मनगटाशी बांधाव्यात किंवा आगीपासून दूर उभे राहावे. गार्डनरच्या परंपरेतली काही मंडळे दिगंबर अवस्थेत विधी करतात, पण ते बंद दारांआड. पाहुण्यांसह उघड्या बागेत तो प्रश्नच येत नाही. गवतात गोचिडी असतात, म्हणून लांब मोजे. रात्री नऊनंतर स्वेटर.

आता वेदी, आणि पुन्हा काडेपेटी. मीठ, पाणी, धूपपात्र, चषक आणि मेणबत्त्यांसाठी काचेचे कंदील एवढे पुरते. कंदिलांशिवाय मेणबत्त्या वाऱ्यात टिकत नाहीत. धुपाची कोळशाची चकती पूर्ण लाल व्हायला काही मिनिटे लागतात, तेव्हा ती चिमट्यात धरून आधीच पेटवावी, आणि त्यासाठीही काडेपेटी लागतेच. पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी, अशी आवाहने पूर्वेकडून घड्याळाच्या दिशेने होतात. एकदा वर्तुळ आखले की ते ओलांडायचे नसते. बाहेर जाणे भागच असेल, तर त्यात विधिपूर्वक दार कापून, मागे पुन्हा बंद करावे लागते. दक्षिणेचे आवाहन करणारी व्यक्ती न पेटलेली मेणबत्ती हातात धरून उभी असताना हे करायचे, मग गाडीपर्यंत धावायचे, किल्ल्या कोणाकडे आहेत हे ओरडून विचारायचे, तोवर जमलेली एकाग्रता पार उडालेली असते. म्हणून दोन काड्यापेट्या घ्याव्यात, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत, कारण दव पडले की काड्या ओल्या होतात. एक वेदीखाली आणि एक दक्षिणेच्या माणसाच्या खिशात. लांब दांड्याच्या लायटरवर विसंबू नये, ऐन वेळी त्यातला गॅस संपलेला असतो. वर्तुळ आखण्यापूर्वी काडेपेटी कुठे आहे हे मोठ्याने विचारावे आणि “आहे, आहे” हे उत्तर मान्य करू नये. पेटी डोळ्यांनी पाहावी, उघडून आत काड्या आहेत याचीही खात्री करावी.

वाढत्या दिवसांचा ओक राजा आणि घटत्या दिवसांचा हॉली राजा यांची लुटुपुटूची लढत ठेवणार असाल, तर काठ्या हलक्या घ्याव्यात आणि हॉलीच्या मुकुटाला आतून कापड लावावे, ती पाने बोचतात. हॉली राजा जिंकतो आणि दिवस लहान होऊ लागतो. आपल्या पंचांगातले सायन दक्षिणायन याच वेळी सुरू होत असल्यामुळे मराठी पाहुण्यांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही. संवाद ठळक अक्षरांत कागदावर लिहून द्यावेत. सूर्य साधारण नऊ वाजून वीस मिनिटांनी मावळतो, तेव्हा आठला सुरुवात करावी, म्हणजे साडेआठला.

खाण्यात सुकामेवा असल्यास कोणाला ॲलर्जी आहे का, हे आधी विचारावे. चषकात गाडी चालवणाऱ्यांसाठी एल्डरफ्लॉवरचे सरबत. मिठाचे पाणी गवतावर ओतू नये. दिशांना निरोप देणे, परतीसाठी टॉर्च, कचऱ्याच्या पिशव्या. आग पाण्याने विझवून, ढवळून, पुन्हा पाणी घालावे, आणि राख पूर्ण थंड होईपर्यंत प्लास्टिकच्या कचराकुंडीत टाकू नये.